मावशीआजी पट्टी देते

१९ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींना सांग, त्यांनी पाठवलेली छत्री पोचली. इकडे मुलं आत्ताच झोपली आहेत, म्हणून हात मोकळे आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

आधी शेवट सांगते, उगाच तुझा जीव टांगणीला नको. पाळणाघर चालू राहणार. आज सकाळी तसं कळलं आणि मी मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं. डोक्यावरचं ओझं उतरलं बघ.

तुला काही बोलले नव्हते. गेल्या आठवड्यात तपासणीच्या मॅडम न सांगता आल्या. मी मुलांना मारते अशी तक्रार होती. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आवाज चढतो माझा, तो तुला ठाऊकच आहे, पण हात कधी उचलला नाही. शिक्का बसला असता तर पाळणाघरातली मुलं तर गेलीच असती, रस्त्यातही कोणी माझ्याजवळ पोर सोडलं नसतं.

मॅडम मुलांच्या खुर्चीत बसल्या, गुडघे थेट हनुवटीला. हसायची सोय नव्हती. त्यांनी सगळं बारकाईने पाहिलं. जो चावतो त्याला मी कोपऱ्यात एकटं बसवते, ते त्यांना पटलं नाही. "जवळ घेऊन बसा," म्हणाल्या. तेव्हा राग आला. नंतर पटलं, आता तसंच करते.

मग त्यांनी मुलांना विचारलं, "कोणी रडलं की मावशी काय करते?"

सगळी एका सुरात म्हणाली, "पट्टी देते."

मॅडमचा चेहरा उतरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, यांच्या डोळ्यांपुढे फूटपट्टी आहे. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हाताने थांबवलं. बरोबरच होतं. मी सांगून त्याला काय किंमत?

"कुठे असते ती पट्टी?"

आमची बोबडं बोलणारी चिमुरडी उठली, खण ओढला आणि जुन्या फुलाफुलांच्या चादरीच्या फाडलेल्या पट्ट्या घेऊन आली. कोपर पुढे करून म्हणाली, "इते बाऊ." बाऊ कसला, ओरखडाही नव्हता. मॅडमनी गाठ मारून दिली. मग काय, घरभर सगळ्यांनाच बाऊ झाले, आणि मॅडम गाठी मारता मारता घामाघूम.

निघताना त्या हसत म्हणाल्या, "तक्रारीत लिहिलंय, पोराने घरी सांगितलं, मावशीआजी पट्टी देते. मावशीआजी तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "मीच." आणि दार लावून तिथेच उभी राहिले.

ताई, इथली मुलं मला मावशी म्हणतात. मावशीआजी म्हणणारा एकच आहे, तुझा नातू, आणि तो ताप आला म्हणून बरेच दिवस आलेला नाही.

एवढं लिहीपर्यंत मी हेच टाळत होते. मला फार लागलं. तुझ्या लेकीला मी अंगाखांद्यावर खेळवलं आणि तिने मला एका शब्दाने विचारू नये? दोन दिवस भांड्यांवर राग काढला. पण खरं सांगू, तिने विचारलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. "माझ्याबद्दल असं मनात आलंच कसं?" म्हणून तिलाच रडवलं असतं. ती गप्प बसली असती, आणि पोर खरंच मार खात असतं तर खातच राहिलं असतं. तिने नात्याची भीड धरली नाही. आई म्हणून चोख वागली.

तुला माहीत होतं का, ते मला सांगू नकोस. ती आता लाजेने त्याला पाठवत नसणार. तिला म्हणावं, मावशी रागावली होती, आता नाही. सोमवारी त्याला घेऊन ये आणि दारातून परत फिरू नकोस. आत ये, हवा तितका वेळ बस, सगळं डोळ्यांनी बघ. मला वाईट वाटणार नाही.

तुझी धाकटी,
आणि तिची मावशी