टॉवरला बांधलेला झेंडूचा हार

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अडकला! टॉवर मधेच अडकला. वर जाईना, खाली येईना.

परसातला सुहासचा हॅम रेडिओचा टॉवर. विंचचं हँडल फिरवलं की रहाटासारखी तार गुंडाळली जाते आणि एकातून एक टप्पा वर सरकतो, उलटं फिरवलं की खाली. वरची अँटेना फिरवणारी मोटर पावसात बसली, म्हणून आज सगळा खाली घ्यायचा होता. अर्ध्यावर आला आणि थांबला. आणि हा माझा शहाणा नवरा हँडल फिरवतच राहिला! आता तारेला ताणच नाही, नुसती लोंबतेय. वरचा टप्पा कशावर टेकलाय, देव जाणे.

देवच कशाला — नंतर आम्हालाही दिसलं. खंडेनवमीला यानं टॉवरची पूजा केली ना! झेंडूचा हार, तोही नायलॉनच्या दोरीत ओवलेला, दोन टप्प्यांना मिळून बांधला. "वाऱ्यानं सुटायला नको." नाही सुटला. कप्पीत जाऊन बसला!

आता म्हणतो, "वर चढतो, दोरी कापतो. दोन मिनिटांचं काम." वय चौसष्ट.

४ ऑक्टोबर, शनिवार

बेलापूरच्या अजिनाथभावजींना मीच फोन केला. या दोघांच्या रोज सकाळी रेडिओवर गप्पा असतात, आणि त्यांच्याकडंही असाच टॉवर होता. ते घाबरलेच. "वहिनी, त्याला चढू देऊ नका! तार ढिली हाय म्हंजी वरचा टप्पा कवाबी खाली यील. आडव्या पट्ट्या कात्रीवानी कापत्यात. माझ्या पायाची दोन बोटं न्हाईत, ठावं हाय ना तुमाला?"

मला इतकी वर्षं वाटायचं, ती शुगरनं गेली.

सुहासला सांगितलं, क्रेनवाल्या खाजाभाईंना बोलवू म्हटलं. "अज्याला घाई फार. मी बेल्ट लावून चढणार!" बेल्टशिवाय चढायचं नाही, हा त्याचाच नियम. मग काय! तो अंघोळीला गेला आणि बेल्ट गव्हाच्या कोठीत, अगदी तळाशी. शोध म्हणावं खुशाल.

५ ऑक्टोबर, रविवार

घर डोक्यावर घेतलंय. माळा उपसला, दिवाण उपसला. "अंबिका, बेल्ट पाहिलास?" — नाही बाई! चेहरा कोरा ठेवणं मला इतकं जमतं, हे आजच कळलं.

दुपारी नवीनच. आता विंचचं हँडलही सापडेना. "या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही!" हँडल मात्र मी घेतलेलं नाही हं, देवाशपथ! मग गेलं कुठं?

शेवटी कपाळाला हात लावून म्हणाला, "बेल्ट नाही, हँडल नाही. बोलव बाई तुझ्या क्रेनवाल्याला." लगेच फोन लावला. पण वारा सुटलाय आणि टॉवर करकरतोय. 

६ ऑक्टोबर, सोमवार

सुटलं रे बाबा! सुटलं एकदाचं!

खाजाभाई क्रेन घेऊन आले. एमआयडीसीतली मशिनं उचलतात, त्यांना आमचा टॉवर म्हणजे खेळणं. पण कुणालाही टॉवरला हात लावू दिला नाही. "सर, परसात कोणी नको. भाभी, तुम्ही पण आत." गच्चीवरूनच बांबूनं पट्टा वरच्या टप्प्यात ओवला, त्याचा भार क्रेनवर घेतला. मग बांबूला विळा बांधून दोरी कापली.

कड्ड! टप्पा वीतभर खाली आला आणि पट्ट्याला लटकला. वीतभरच. पण सुहासचा पाय तिथं असता तर? नको, लिहीतसुद्धा नाही.

हळूहळू सगळा खाली बसवला, टप्पे सरकू नयेत म्हणून आडवा लोखंडी पाइप घातला, तेव्हाच खाजाभाईंनी सुहासला जवळ जाऊ दिलं. मोटर उतरवली, उघडली तर आत नुसतं पाणी! तारेचेही धागे तुटलेले. नवीनच घालायची आता.

 सुहासनं नुसता माझा हात धरला. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडून घेतलं. किती बरं वाटलं! आज कोजागरी. मसाला दूध केलं, खाजाभाईंकडंही डबा पाठवला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दळणासाठी गहू काढले. बेल्ट होता तिथंच, तळाशी. त्यात नीट गुंडाळून ठेवलेलं — विंचचं हँडल.

म्हणजे बेल्ट रविवारीच सापडला होता याला, आणि हँडल यानंच लपवलं! आणि मी समजत होते, मी एकटीच घाबरलेय.  वरून गहू सारखे केले.