बिनकुलपाचा थर्मोस्टॅट

मी, व्हर्ना इंगबोर्ग टॉलेफ्सन, कै. ऑर्व्हिल टॉलेफ्सन यांची विधवा, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार टेकडीवरचे पिवळे घर, दुलुथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे, आणि माझे पाय गरम आहेत. पायांचे मृत्युपत्रात लिहायचे नसते असे ओस्टबी वकिलांचे म्हणणे पडले. पण त्याशिवाय पुढच्या कशाचाच उलगडा होणार नाही, म्हणून मी ते राहू दिले आहे.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात घर लगेच विकून पैसे मुलीला द्यावेत असे लिहिले होते, ते मी याद्वारे रद्द करते. ते मी थंडीत लिहिले होते.

कलम १. पेटी

जंगम मालमत्तेतली पहिली वस्तू म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची एक पेटी, कुलपासह. ऑर्व्हिलने ती लग्नानंतर लवकरच पुढच्या दारालगतच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या काट्यावर, ठोकली आणि किल्ली आपल्या पट्ट्याला अडकवली. आत काटा बासष्ट अंश फॅरनहाइटवर. बासष्ट म्हणजे टेबलावरचे लोणी सुरीने खरवडून काढावे लागते. तो दिवसभर लोहखनिजाच्या धक्क्यावर, सरोवराच्या वाऱ्यात काम करायचा. घरी आला की त्याला बासष्टसुद्धा उन्हाळा वाटायचा. दिवसभर घरात मी असायचे, आणि गारठायचे मी. तो वाईट माणूस नव्हता. भट्टीपुरता वाईट होता.

शिवाय आमच्या गल्लीचा रिवाज असा की हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडेपर्यंत तळघरातली भट्टी पेटवायची नाही. त्याआधी ज्याच्या घराच्या नळकांड्यातून वाफ दिसेल, त्याने चर्चमधल्या रविवारच्या कॉफीला सगळ्यांसाठी लिंबाच्या वड्या करून आणायच्या. ऑर्व्हिल असेपर्यंत आमच्यावर ती वेळ कधी आली नाही. त्याला याचा केवढा अभिमान. मर्लिस हॅगस्ट्रॉमवरही कधी आली नाही, आणि तिच्या अंगात एवढी धग कुठून येते याचे मला वर्षानुवर्षे नवल वाटायचे. मग एका ऑक्टोबरात मी तिच्याकडे शिवणाचा साचा मागायला गेले, तर खोलीखोलीत विजेचे हीटर लावलेले. नळकांडे थंड आणि बाई घामाघूम. मी साचा घेऊन घरी आले.

सबब, सदर पेटी मी मर्लिस हॅगस्ट्रॉम हिला देते. चर्चच्या साखरेवर तिचा पहारा असतोच, तिथे बसवावी. पेटीची किल्ली मी सरोवरात टाकली आहे, ती कोणी शोधत बसू नये.

कलम २. कोट

ऑर्व्हिलचा टोपीवाला जाड कोट जाळून टाकावा. कोणाला दान देऊ नये.

कारण असे. ऑर्व्हिल गेला तेव्हा दवाखान्याने त्याचे कपडे एका पिशवीत घालून दिले, त्यात पट्टा होता आणि पट्ट्याला किल्ली. म्हणजे आता घर माझे, भट्टी माझी आणि किल्लीही माझ्याच हातात. तरी मी काटा हलवला नाही. एका पेन्शनमध्ये गॅसचे बिल झेपेल की नाही याची धास्ती होतीच, पण खरे सांगायचे तर पेटीला हात लावायची सवयच नव्हती. मी पुढची खोली बंद केली, दारावर घोंगडी लावली, त्याचा कोट अंगात चढवला आणि स्वयंपाकघरात ओव्हनचे दार उघडे टाकून त्याच्यासमोर बसू लागले. आमच्या टेकडीवर बऱ्याच बायका असे करतात. एकमेकींना सांगत नाहीत. कोणी विचारले की म्हणायचे, "बरं चाललंय."

माझी मुलगी लिनेट ॲरिझोनात असते, दातांच्या दवाखान्यात काम करते. गेल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आली. मी बटाट्याच्या पोळ्या लाटत होते, ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू कोट घालून पोळ्या लाटतेयस?"

"बाह्या वर केल्यात की."

"हे घर तुला परवडत नाहीये. आणि तू हे बोलत नाहीयेस."

"बरं चाललंय गं."

"काही बरं चाललेलं नाही. तुझी बोटं बघ, निळी पडलीयेत." मग तिने मला समोर बसवले. "ईस्टरपर्यंत बघू. तोवर बिलं खाली आली नाहीत आणि तू अशीच कोट घालून दिसलीस, तर घर विकायचं आणि तू म्हाताऱ्यांच्या त्या नव्या इमारतीत जायचंस. चालेल?"

मी चालेल म्हटले. त्या इमारतीत खिडक्या उघडत नाहीत आणि जेवायला पाच वाजता घंटा होते. मला तिथे जायचे नव्हते. पण तसे म्हटले असते तर भांडण झाले असते, आणि भांडायची मला कधी सवय नव्हती.

कलम ३. थर्मोस्टॅट

स्मार्ट थर्मोस्टॅट नावाचे गोल यंत्र दारालगतच्या भिंतीवर आहे. ते घराचाच भाग समजावे, काढून नेऊ नये. ते कोणी आणले हे इथे नमूद करणे भाग आहे, कारण ती स्वतः हे कोणाला सांगणार नाही.

ऑर्व्हिलची धाकटी बहीण आर्डिस समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. जन्मभर शाळेची बस चालवली, लग्न केले नाही. ऑर्व्हिलच्या अंत्यविधीला मी हॅमच्या पावात लोणी कमी लावले असे ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून आमचे बोलणे 'आज वारा आहे' याच्या पुढे जात नव्हते. लिनेट परत गेल्यावर ही बाई एका हातात खोके आणि दुसऱ्या हातात पेचकस घेऊन दारात उभी.

"सेलमध्ये होतं," म्हणाली. "लिनेटचा फोन आला होता. पेटी कुठाय त्याची?"

"किल्ली शोधते."

"किल्ली कशाला?" तिने पेचकस पेटीच्या मागे घातला आणि भिंतीच्या पोपड्यासकट पेटी उपटून माझ्या हातात दिली. "माझा भाऊ होता म्हणून सांगते, भट्टीच्या बाबतीत गाढव होता."

तिने तारा जोडल्या, बिअर प्यायली, आणखी तारा जोडल्या. यंत्राचे काम असे की झोपायच्या वेळी उष्णता आपोआप उतरवायची, उठायच्या आधी चढवायची, आणि घरात कोणी नसेल तर गॅस जाळत बसायचे नाही. त्याला माणसाची चाहूल कळते. सगळी खबर लिनेटच्या फोनवर जाते. आर्डिसने खिडक्यांच्या फटीही बुजवल्या. मी छान झाले म्हटले तर म्हणाली, "वाईट नाही," आणि निघून गेली. टॉलेफ्सनांच्या घराण्यात याहून मोठे कौतुक नसते.

आता माझे काय चुकले ते. घोंगडी मी काढलीच नाही. यंत्र दारापाशी, मी मागे स्वयंपाकघरात ओव्हनसमोर, मध्ये बंद दार. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि घर दिवसागणिक गारठत गेले. मला वाटले यंत्र बिघडले. तक्रार काय करायची, कोणी एवढे हौसेने बसवून दिलेले, म्हणून मी आणखी एक स्वेटर चढवला. यंत्र बिघडले नव्हते. ते दिवसभर माणसाची वाट बघायचे, कोणी फिरकायचे नाही, मग उष्णता उतरवायचे आणि तसे कळवून टाकायचे. पहिल्या दिवशी लिनेटला वाटले मी चर्चला गेले असेन. दुसऱ्या दिवशी वाटले दुकानात. तिसऱ्या दिवशी बाहेर शून्याच्या खाली वीस अंश असताना तिच्या फोनवर पुन्हा तेच आले, घरी कुणी नाही. तिने मला फोन लावला. फोन बंद दारापलीकडे, आणि माझा रेडिओ मोठा. मग तिने आर्डिसला लावला.

मी पीठ मळत होते. पुढे काच फुटल्याचा आवाज झाला, मग घोंगडी खाली आली आणि आर्डिस आत. हातात बर्फाचे फावडे, पायात घरातल्या सपाता, डोक्यावर काही नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गं?" मी म्हटले.

"तू घरात आहेस?"

"मग कुठे जाऊ?"

"ते यंत्र म्हणतंय घरात कुणी नाही. तीन दिवस म्हणतंय." तिने ओव्हन बघितला, खुर्ची बघितली, माझ्या अंगावरचा कोट बघितला. मग फावडे भिंतीला टेकवून जमिनीवरच बसली आणि रडू लागली. मी तिला तिच्या आईवडिलांच्या दफनातही रडताना पाहिलेले नव्हते. "हा त्याचा कोट आहे, व्हर्ना. कुलूप मी काढलं ना? काढलं ना मी?"

तिच्या खिशातल्या फोनमधून लिनेटचा आवाज येत होता. "आर्डिस आत्या? आई आहे का? कुणीतरी बोला."

मी पिठाच्या हातांनी फोन घेतला. म्हटले, "आहे गं. इथंच आहे." आणि मग मलाही रडू फुटले. आयुष्यभर मी दिवसचे दिवस या घरात होते आणि ते कोणी मोजले नव्हते. त्या दिवशी मी नाही असे कळले, तर एक बाई सपाता घालून बर्फातून धावत आली आणि दुसरी हजारो मैलांवर फोन धरून ओरडत होती. मला लाज वाटली आणि फार बरेही वाटले, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी आर्डिस स्वयंपाकघरात लावायला एक छोटे यंत्र घेऊन आली. म्हणाली हे लाव, म्हणजे त्याला तू इथेही दिसशील. मी म्हटले, परत कर. खुर्ची धर त्या बाजूने. आम्ही दोघींनी खुर्ची उचलून पुढच्या खोलीत आणली, खिडकीपाशी, जिथून बंदर दिसते. ओव्हनचे दार लावले. कोट काढला. काटा अडुसष्टवर गेला आणि मी त्याला तिथे राहू दिले.

ईस्टरला लिनेट आली. तिने सगळी बिले टेबलावर मांडली. गॅसचे थोडे चढले होते. विजेचे इतके उतरले होते की तिने कागद दोनदा उलटून बघितला. तो विजेचा ओव्हन आम्हाला भट्टीपेक्षा महाग पडत होता. दोन्ही मिळून ऑर्व्हिल गेल्यानंतरच्या कोणत्याही हिवाळ्यापेक्षा कमी भरले.

"ठीक आहे, आई," ती म्हणाली. "घर राहू दे."

इतकी शांत झोप मला त्या रात्री लागली की सकाळी यंत्राने घर गरम करून ठेवले तरी मी उठले नव्हते.

कलम ४. घर

वर नमूद केलेले पिवळे घर, तळघर व भट्टीसह, मी आर्डिस टॉलेफ्सन हिला तहहयात राहण्यासाठी देते. ती राहते तिथली उष्णता घरमालक ठरवतो, आणि ते मला बघवत नाही. तिच्या पश्चात घर लिनेटचे. लिनेटला हे मान्य आहे, मी विचारले आहे.

अटी दोन. थर्मोस्टॅटवर कोणीही, कोणत्याही कारणाने कुलूप लावू नये. आणि घरात माणूस असताना काटा अडुसष्टच्या खाली नेऊ नये. आर्डिस, हे तुझ्यासाठीच लिहिले आहे. शेवटी तू त्याच भावाची बहीण आहेस.

कलम ५. बाकीचे

बँकेतली शिल्लक लिनेटला. पोळ्या उलटायची काठी व लाटणे लिनेटला, ॲरिझोनात कोणी पोळ्या करत नसले तरी. गोठलेल्या सरोवराला भोक पाडायचा ऑर्व्हिलचा गिरमिट आर्डिसला. अंत्यविधीच्या पावात लोणी जेवढे लावायचे तेवढे आर्डिसने स्वतः लावावे, मग कोणाला बोलायला जागा नाही. व्यवस्थापक म्हणून मी लिनेटला नेमते.

कलम ६. दफन

मला ऑर्व्हिलच्या शेजारी पुरावे. जमीन गोठलेली असेल तर वसंतापर्यंत थांबावे, मला घाई नाही. पायात लोकरीचे जाड मोजे घालावेत. त्याला तिथले हवामान पसंत असेल, माझे मी बघते.

कलम ७. शेवटची सूचना

एक दिवस लिनेटच्या फोनवर पुन्हा येईल की घरी कुणी नाही. त्या दिवशी ते बरोबर असेल. लिनेट, तू आर्डिसला फोन कर, पण आधी तिला बूट आणि टोपी घालायला लाव. आर्डिस, काच फोडू नकोस, दाराची किल्ली आता तुझ्याकडे आहे. पायऱ्यांवर बर्फ असेल, सावकाश ये. तोवर यंत्राने घर थंड केलेले असेल. काटा अडुसष्टवर आण आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बस. घरात कोणीतरी आहे हे त्याला कळू दे.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले आणि वाचून पाहिले. हरणांचा हंगाम अजून उघडलेला नाही आणि माझी भट्टी चालू आहे. रविवारच्या लिंबाच्या वड्या ओव्हनमध्ये आहेत, दार लावलेले आहे.

सही: व्हर्ना इंगबोर्ग टॉलेफ्सन

दुलुथ, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर २०२३

वरील सही बाईंनी आमच्या समक्ष केली व आम्ही बाईंच्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. आमचा या मिळकतीत काही हितसंबंध नाही, वड्या सोडून. सही करताना आम्ही दोघेही कोट काढून बसलो होतो.

साक्षीदार: ग्लेन पेल्टोला, भट्टी दुरुस्त करणारा
साक्षीदार: रूबेन सिव्हर्ट, शेजारी