उलट्या बसलेल्या रिंगा

मोताळा,
मंगळवार, दुपार

प्रिय भागवत,

हे पत्र सकाळपासून तिसऱ्यांदा सुरू करतोय. दोनदा उठून गॅरेजच्या शेडमध्ये गेलो, काही काम नसताना पाने पुसले, परत येऊन बसलो. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर शर्यतीचा विषय निघाला की तू लगेच पाऊसपाणी काढतोस, नाहीतर तुझ्या शबानावहिनीचे गुडघे कसे आहेत ते विचारतोस. मलाही ते सोयीचंच वाटत आलंय.

तुझी पुष्पांजली शनिवारी आली. पुण्याहून एकटीच गाडी चालवत. वरवट बकालजवळच्या मोकळ्या रानात पुढच्या महिन्यात मातीवरची शर्यत आहे, तिला त्यात उतरायचंय. तू ‘उतर’ म्हणालास, असं तिनं सांगितलं, आणि मी पाण्याचा ग्लास द्यायचाच विसरलो. डिकीतून तिनं दोन वस्तू काढल्या. एक, तिच्या गाडीच्याच मॉडेलच्या पण परदेशातून आलेल्या अपघाती गाडीचा गिअरबॉक्स. त्यात कंपनीनंच लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवलेला. दुसरी, बाहेरच्या कारखान्यात बनलेला प्लेटांचा डिफरन्शियल, कोरा, खोक्यातला. म्हणाली, “बशीरकाका, कोणता घालायचा ते तुम्हीच सांगा.”

दोन तास आम्ही तेच बोलत बसलो. पुढची चाकं ओढणारी गाडी तुला काय सांगायची. चिखलात एक चाक घसरलं की साधा डिफरन्शियल इंजिनाची सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकालाच देतो आणि दुसरं उगीच बसून राहतं. कंपनीचा ते दातेरी चाकांवर सांभाळतो. हळूच, आवाज न करता, स्टेअरिंगला फारसा झटका न देता. साधं ऑइल घाला आणि विसरून जा. पण एक चाक पुरतं हवेत उचललं गेलं की तो हात टेकतो. प्लेटांचा सोडत नाही. चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला ओढायला लावतो. पण त्याचे नखरे फार: गावातल्या वळणावर कडकड वाजतो, स्टेअरिंग हातातून ओढून घेतो, ऑइल वेगळं लागतं, प्लेटा झिजल्या की पुन्हा उघडा. आणि तो बसवणाऱ्याच्या हातावर असतो. कंपनीचा बंद येतो, त्यात आपण काही बिघडवू शकत नाही. हे शेवटचं वाक्य बोललो आणि माझी जीभ अडखळली. तिच्या ते लक्षात आलं असणार.

तुला आपली ती शेवटची शर्यत आठवते तशीच मला आठवत असेल का, कोण जाणे. नऊ वर्षं झाली. आदल्या दिवशी रोहिणखेडच्या बाजूला रानात तू गाडी फिरवून आलास आणि खाली उतरून म्हणालास, “बशीर, गॅसवरून पाय काढला का गाडी सरळच जाऊन राह्यली बे. वळतच नाही.” मी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, “नव्या प्लेटा आहेत. घासू दे, होईन बरोबर.” तू मान डोलावलीस. माझ्यावर तू कधी शंका घेतली नाहीस. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत, बांधाजवळच्या वळणावर तू पाय काढलास आणि गाडी सरळ बांधावर गेली. तुझा डावा गुडघा. दवाखान्यात जयमालावहिनी रडत होत्या आणि तू त्यांना सांगत होतास, “माही चूक झाली, मी उशिरा वळवलं.” मी दारात उभा होतो.

तिसऱ्या दिवशी मी गिअरबॉक्स उघडला. प्लेटा दाबणाऱ्या दोन रिंगा असतात, त्यांच्या उतारावर सगळं ठरतं: गॅस दाबल्यावर चाकं बांधायची की पाय काढल्यावर. मी त्या उलट्या बसवल्या होत्या. पाय काढला की दोन्ही चाकं एकमेकांना जखडत होती, म्हणून गाडी वळत नव्हती. तू आदल्या दिवशी नेमकं तेच सांगितलं होतंस. रिंगा मी त्याच दिवशी भंगारात दिल्या. कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तू गाडी सोडलीस, पुण्यात स्टोअरची नोकरी धरलीस, आणि दर ईदेला तुझा फोन येत राहिला.

काल पुष्पांजलीनं प्लेटांचाच ठरवला. खोकं माझ्यापुढं सरकवून म्हणाली, “बाबा म्हणतात, तेव्हा चूक त्यांची होती. बशीरच्या हातचं काम असेल तर डोळे मिटून बस.” मी हातातला पाना खाली ठेवला. मग तिला सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच. ती ओरडली नाही. तिनं बॉनेट खाली करून बंद केलं. मग म्हणाली, “हे मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगा. ते काय म्हणतात ते ऐकून मी ठरवेन, गाडी तुमच्याकडं ठेवायची की नाही.” ती सोनाळ्याला आत्याकडं गेली आहे, गाडी माझ्या शेडमध्ये आहे. म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. तू ये, नाहीतर येऊ नकोस, फोन कर किंवा करू नकोस. फक्त यापुढं कुणाला, विशेषतः तिला, तू उशिरा वळवलंस असं सांगू नकोस. तू वेळेवरच वळवलं होतंस, भागवत.

तुझाच,
बशीर