कोळशाच्या गावातली नळी

बाबा, मागच्या महिन्यात मी एका खाणीत जेवून आले. तुम्ही हसाल. खाणीत जेवायचं म्हणजे तुमच्या लेखी खाली भिंतीला टेकून बसायचं, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात डबा उघडायचा आणि पोळीला काळी बोटं लागली तेवढा तुकडा तोडून बाजूला टाकायचा. इथलं तसं नव्हतं. हॉलंडच्या पार दक्षिणेला लिम्बुर्ग म्हणून भाग आहे, तिथे एके काळी कोळसा निघायचा. माझ्या जन्माआधीच त्या खाणी बंद झाल्या, गाव तेवढं मागे राहिलं, आणि आता कामगारांच्या अंघोळीच्या जुन्या हॉलमध्ये कुणीतरी नवं स्टेकहाउस काढलं आहे. छताला अजून साखळ्या आहेत. खाली उतरण्याआधी माणसं घरचे कपडे त्या साखळीला अडकवून वर ओढून ठेवत, म्हणजे त्यांना कोळसा लागू नये. आता तिथे शोभेसाठी रिकामे कोट टांगले आहेत. टेबलावर खाणीतले दिवे, मेनूकार्डावर हेल्मेटचं चित्र, आणि बाथरूमच्या वाटेवर काळ्या तोंडांच्या माणसांचे मोठाले फोटो. त्यातल्या एकाचे फक्त डोळे पांढरे होते, तुम्ही पाळीवरून यायचात तेव्हा असायचे तसे. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

मी एकटी नव्हते. माझी लेक होती, तुम्ही न पाहिलेली. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. घटस्फोटानंतर आम्ही दोघीच असतो. आणि बरोबर एक पुण्याचं जोडपं होतं. तो माझ्या ऑफिसात आहे, ती हूफडॉर्पला आमच्याच गल्लीत राहते म्हणून मैत्रीण झाली. माणसं खरोखर चांगली आहेत. लेकीला ताप आला तेव्हा तिनं तीन दिवस खिचडी पोचवली, हे विसरले तर मी कृतघ्न ठरेन. सुट्टीला चौघं मिळून दक्षिणेतल्या टेकड्या बघायला जाऊ, असं तिनंच ठरवलं. स्टेकहाउस त्यानं शोधलं. गेल्या गेल्या भिंतीवरचं हेल्मेट डोक्यावर घालून त्यानं फोटो काढून घेतला.

ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी मोठी बोलकी होती. माझा आजा इथेच कामाला होता म्हणाली, शेवटी स्टोफलाँगनं गेला. खाणीतली धूळ छातीत बसून जो आजार होतो, त्याला इथे स्टोफलाँग म्हणतात. मी डचमध्ये म्हटलं, माझे वडीलही त्यानंच गेले. किती सहज म्हणून गेले मी! तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मैत्रिणीचा नवरा लगेच म्हणाला, "अरे, बाबा मायनिंगमध्ये होते तुझे? इंजिनिअर होते का?" मी म्हटलं, "कोल माईन्समध्ये होते." मग त्यानं मीडियम-रेअर स्टेक सांगितला आणि सुरुवातीला सगळ्यांत मिळून बोन मॅरो, म्हणजे आपली नळी. त्याची बायको माझ्याकडे बघून हसली. "आमच्याकडे बाई बीफ चालत नाही. हा इथे आल्यापासून सुटलाय नुसता. तुमच्याकडे चालतं?"

बाबा, हा प्रश्न तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको. मटणाचा प्रश्न नव्हताच तो. तिच्या मनात काही असेल असंही नाही. आपली सवयीनं बोलली. पण त्यानं मोठ्याचं खाल्लं तर त्याची हौस होते, पुण्याला त्याच्या आईला कळलं तर घरात चार दिवस गंमत होते. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तिच्या तोंडात आला नसता, डोळ्यांत आला असता. आडनाव आठवून बघितलं असतं तिनं. "नाही," मी म्हटलं, "आमच्याकडेही नाही चालत." ती खूश झाली. "बरं झालं बाई, मला सोबत मिळाली." आम्ही दोघींनी मशरूमचा भात मागवला.

तुम्हाला आठवतं, चंद्रपूरच्या कॉलनीत रविवारी आई मोठ्याचं करायची तेव्हा आधी खिडकी लावून घ्यायची. चुलीचा धूर, मसाल्याचा ठसका, सगळा त्या एवढ्याशा खोलीत कोंडायचा. तुम्ही खाटेवर बसून खोकायचात. खोकून खोकून डोळ्यांना पाणी यायचं तरी आई खिट्टी काढायची नाही. एकदा माझी शाळेतली मैत्रीण वही घ्यायला येणार होती, तर आईच्या आधी मीच धावत जाऊन खिडकी लावली. तुम्ही उठलात, भिंतीला धरून धरून गेलात आणि ती उघडलीत. "काहून लावली वं?" आई म्हणाली, "लोकाईले वास जाते." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. दिवसभर मी खाली कोंडूनच रायतो. घरात तरी हवा येऊ द्या माय." तुमचा आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडे तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत ती मला मारापेक्षा लागली. मग जेवायला बसल्यावर तुम्ही आपल्या ताटातली नळी उचललीत, ताटाच्या काठावर दोनदा आपटलीत, आतला ऐवज माझ्या भाकरीवर पाडलात आणि म्हणालात, "खाय." माझा रुसवा तिथेच संपला.

पुढे डेल्फ्टला शिकायला आले तेव्हा खिडकी उघडी ठेवून पाहिली होती. माझ्या खोलीच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला होता, घरी होता तोच. त्या भाड्याच्या घरात बाकी सगळ्या मराठी मुली. आपण बौद्ध, हे फोटोवरून त्यांना कळलं. कुणी वावगं बोललं नाही. फक्त थोड्याच दिवसांत फ्रिजमधला माझा कप्पा वेगळा झाला, आणि "तू तुझं कर, आम्ही आमचं करतो, सोपं पडतं," असं गोडीगुलाबीनं ठरलं. फोनवर तुम्ही धापा टाकत विचारायचात, "पोरी चांगल्या आहेत ना वं?" चांगल्या आहेत, असं मी सांगायची. नंतरच्या घरांत तो फोटो बॅगेतून बाहेर निघालाच नाही.

तर ती बोन मॅरो आली. लाकडी फळीवर उभ्या चिरलेल्या दोन नळ्या आणि एक आख्खी, बाजूला पावाचे तुकडे, वर कसली कसली पानं. आपल्या ताटातली नळी इतकी नटलेली मी पहिल्यांदा पाहिली. तो आख्खी नळी धरून आत बारीक चमचा घालत बसला. काही निघेना. माझे हात शिवशिवत होते, मी ते मांडीवर ठेवले. आणि माझ्या लेकीनं, तुमच्या नातीनं, हात पुढे करून ती नळी घेतली, ताटलीच्या काठावर दोनदा आपटली आणि सगळं पावावर पाडून त्याच्यापुढे केलं. "लाइक धिस," म्हणाली. तुमच्यासारखंच मनगट वळवलं तिनं. तिला तुम्ही शिकवलं नाही. मी तरी कधी शिकवलं? घरी माझं बघून आलं असणार. त्यानं टाळी वाजवली. "अरे वा! कुठे शिकलीस गं हे?" ती म्हणाली, "अ‍ॅट होम. आई मेक्स इट. विथ ब्लॅक मसाला."

त्याची बायको माझ्याकडे बघायला लागली. मी हसले. "अगं, ते लॅम्ब असतं. तिला काय कळतंय!" लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. खाटिकाकडे ती माझ्याबरोबर येते, काय मागितलं ते ऐकते. तिनं नळी फळीवर परत ठेवली. जेवण उरकलं. मशरूमचा भात चांगला होता असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ट्रेननं परत आलो. तिनं विचारलं, "व्हाय डिड यू से लॅम्ब?" मी म्हटलं, काही लोकांना ते आवडत नाही. "बट ही वॉज ईटिंग इट." मी बॅगेतून बिस्किटं काढून तिच्यापुढे धरली. "आर दे नॉट नाइस?" चांगले आहेत म्हटलं. "मग?" एवढंच ती मराठीत म्हणाली. उत्तर द्यायचं तर तुमचं घर, माझं शिक्षण, फ्रिजमधला कप्पा, सगळं सांगावं लागलं असतं, आणि एकदा सांगितलं की तीही माझ्यासारखी माणसांच्या डोळ्यांकडे बघत बसेल, ह्याची मला भीती वाटली. मोठी झालीस की सांगेन, म्हणाले.

काल रविवार होता. मी ठरवून मोठ्याचं केलं, आईच्या पद्धतीनं, आणि बाहेर बोचरी थंडी असताना स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवली. तुमच्यासाठी ठेवली म्हणा. लेक टेबलाशी अभ्यास करत होती. तेवढ्यात त्या पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला, स्पीकरवर होता. "अगं, तुझा डबा परत द्यायला येतेय, दारातच आहे." मी हातातला चमचा धरून उभी राहिले. लेक उठली. तिनं खिडकी लावली, कढईवर झाकण ठेवलं आणि जाऊन दार उघडलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, बाबा. मैत्रीण आत येत म्हणाली, "काय सुरेख वास सुटलाय! काय शिजतंय?"

"लॅम्ब," लेक म्हणाली.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक खरं ते लिहून ठेवते. ते ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं.