उलटा कोट

रविवार

रात्रभर डोळा लागला नाही. कारण काय, तर शांतता! गॉलवे शहरात आमच्या खोलीखाली गुत्ता होता, दंग्यातच झोपायची सवय. इथं नवऱ्याच्या गावी नुसता सोर्खाचा श्वास ऐकत पडले. दोन वर्षांची पोर, पहिल्यांदाच तिला अंगण मिळालं. मागं डोंगर. सगळी दलदल, पाय ठेवला की कणकेसारखी दबते.

फेस्टी चूल पेटवून मासेमारीच्या बोटीवर गेला, आता बरेच दिवस नवरा घरी नाही. सासूबाई शेजारीच राहतात. शहरातले पाय, म्हणाल्या, बघू किती टिकतात. वर जळणाची मातीची ढेकळं वाळत घातलीत, ती उलटायला जाशील तेव्हा चकवा लागून वाट चुकलीस तर कोट उलटा करून घाल, म्हणाल्या. मी खूप हसले.

मंगळवार

सोर्खाला कडेवर घेऊन वर गेले. डोंगराचा माथा समोर दिसतोय पण जवळ येईना. पाय घोट्यापर्यंत रुततात. एक मोडकं कुंपण ओलांडलं. थोड्या वेळानं परत तेच कुंपण. परत तेच. लख्ख ऊन होतं, पण खाली बघितलं तर आमचं घरच नाही. सोर्खा रडायला लागली. मग कोट काढला, उलटा केला, घातला. लगेच छप्पर दिसलं. धावत खाली आले.

सासूबाई म्हणाल्या, आली ना अक्कल! चहा ओतता ओतता थांबल्या. पोरीचा कोट उलटा केलास का, विचारलं.

नाही केला. सुचलंच नाही.

त्यांनी सोर्खाकडं बघितलं, कप तसाच ठेवला नि निघून गेल्या.

गुरुवार

सोर्खा जेवत नाही. टेबलाभोवती फिरत राहते. दार उघडं असून तिला सापडत नाही. मांडीवर घेतली तरी मम्मी मम्मी ओरडते, लांबनं हाक मारावी तशी. इथंच आहे गं, म्हटलं. माझ्याआरपार बघते.

तिचा कोट उलटा करून घातला. काही नाही. आता इथं खाली येऊन घालून काय उपयोग, सासूबाई फाटकाबाहेरून म्हणाल्या. आत येत नाहीत. स्वतःचा बरा आठवला, म्हणाल्या.

फेस्टी फोनवर म्हणतो, नवी जागा आहे, रुळेल.

शुक्रवार

आता तोंड मिटून बसते. तिची हाक मात्र येते — डोंगरावरनं. सासूबाईंनाही ऐकू येते. डोक्यावरनं शाल ओढून जपमाळ फिरवतात.

शनिवार

कोट उलटा घालून वर गेले. सरळ माथ्यापर्यंत वाट. कुंपण नाही, कुणी नाही. हाक मात्र बाजूनं, अगदी बाजूनं —

माझी सोर्खा तिथंच चुकलेलीय; मला वाट सापडली तर ती सापडणार नाही.

रविवार

कोट सुलटा घातलाय. मला चुकायचंच आहे. तिचा उलटा करून पोटाशी धरलाय.

जो हे वाचेल त्यानं माझ्या भावाला, मालाकीला, फोन करावा. नंबर फोनच्या वर भिंतीवर आहे. मी केला तर तो जाऊ देणार नाही. म्हणावं, घरात बसलीय तिला भरव, तिचा काय दोष. आणि डोंगराकडं येऊ नको. मी हाक मारली तरी —