भाच्याचं नाव

हॉल्मचेस्टर,
सेंट निकोलसचा दिवस

चि. जर्व्हेस यास अ. उ. आ. वि. वि.

तू बिशप झालास, राजाची मोहोर सांभाळतोस, म्हणून मायना बदलणार नाही. मी मोठी आहे.

इकडचं तुझ्या कानावर उलटसुलट येईल, म्हणून मीच लिहिते. करवसुलीच्या भांडणात एडविन विणकराच्या हातून राजाच्या माणसाचं डोकं फुटलं. तो पळत तुझ्या कॅथीड्रलमध्ये शिरला आणि वेदीला धरून बसला. देवाच्या आश्रयाला आलेल्याला राजानंही हात लावायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काल शिपाई आत घुसले आणि केस धरून त्याला ओढत घेऊन गेले. लंडनला फाशी देणार म्हणे. शिपायांच्या पुढे आपला फुल्क होता. माझा मुलगा, तुझा भाचा, तूच दरबारात चिकटवलेला.

काय करतोस ते कळव. आणि लोकरीचे मोजे घालत जा.

तुझी काळजी करणारी,
ॲव्हिस


लंडन,
नाताळचा आदला आठवडा

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. महाराज खुशीत आहेत, फुल्कला घोडा बक्षीस दिलाय. देवाचं घर बाटवणाऱ्यांना वाळीत टाकणं माझं काम आहे, आणि टाकलं की मोहोर गेलीच. ती मिळवायला माझी उमर गेली, ताई.

म्हणून एक वाट काढली आहे. बहिष्कार पुकारतो, पण ‘जे कोणी दोषी असतील ते’ एवढंच म्हणतो. नाव कुणाचंच नाही. महाराजांना झोंबणार नाही आणि फुल्कही सुटेल. तू आई आहेस, तुला पटेल.

तू धाडलेला मध पोचला. अर्धा कारकुनांनीच फस्त केला.

तुझ्या मायेचा भुकेला,
जर्व्हेस


हॉल्मचेस्टर,
नाताळचा तिसरा दिवस

चि. जर्व्हेस यास अ. आ.

तुझी वाट वाचून कपाळावर हात मारून घेतला. ‘जे कोणी असतील ते’! अख्ख्या गावानं त्याला पाहिलंय रे. एडविन तिकडे अंधारकोठडीत आहे, त्याची बायको बाजारात मला पाहून वाट बदलते, आणि तू शब्दांची कसरत करतोस? नाव न घेता शाप दिलास, तर महाराज गालातल्या गालात हसतील आणि एडविनला खुशाल लटकवतील.

नाव घे. फुल्कचं पूर्ण नाव घे, सगळ्यांत आधी घे. त्याच्याशी कुणी बोलणार नाही, कुणी जेवणार नाही, हे मला कळतं. पोटचा गोळा आहे, माझं काळीज तुटतंय. तरी घे.

मोहोर गेली तर जाऊ दे. तुझ्यावर लोभ आहे, तो मोहोरेमुळे नाही.

ॲव्हिस


लंडन,
ईस्टरआधीच्या उपवासाचा दुसरा रविवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाव घेतलं. सगळ्यांत आधी. बहिष्काराच्या रीतीप्रमाणे मेणबत्ती जमिनीवर आपटून विझवली. महाराजांनी त्याच दुपारी मोहोर मागवली. देऊन टाकली.

बाकीचे बिशप माना खाली घालून बसतील असं वाटलं होतं, पण एकेक करून माझ्यामागे उभे राहिले, तेव्हा कुठे महाराजांनी नमतं घेतलं. एडविनला परत आपल्या वेदीपाशी सोडताहेत. त्याला देश सोडावा लागेल, पण जिवंत सुटेल.

फुल्कला महाराजसुद्धा ओळख देत नाहीत. तो पायी तुझ्याकडे निघालाय. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पश्चात्ताप करणाऱ्यांबरोबर कॅथीड्रलच्या दारात उभा राहिला, तर मी त्याला हात धरून आत घेईन. तोवर नियम आईलाही लागू आहे.

मी त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी येतो आणि तुझ्याकडेच उतरतो. बिशपच्या घरात इतकी वर्षं उंदरांचंच राज्य असणार.

आता मोहोरेविनाच तुझा,
जर्व्हेस


हॉल्मचेस्टर,
झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आठवडाभर आधी

चि. जर्व्हेस यास अ. आ.

हे पत्र तुला वाटेतच मिळावं म्हणून माणूस घोड्यावरून धाडते आहे.

एडविन बायकोला घेऊन बंदराकडे गेला. जाताना मला पाहून या वेळी तिनं वाट बदलली नाही.

फुल्क आला. अनवाणी, टाचा फुटलेल्या. गोठ्यात निजतो. दाराबाहेर पाव ठेवते, एवढं देव चालवून घेईल. काल त्यानं दारापलीकडून आई म्हणून हाक मारली. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले, पण उघडलं नाही.

गुरुवारी त्याला हात धरून आत आण. पण बुधवारी माझ्याकडे उतरू नकोस, उंदरांतच नीज. तू समोर दिसलास की मी म्हणेन एक दिवस आधीच शापातून सोड त्याला, आणि तू सोडशील.

तुझी ताई,
ॲव्हिस