धुळ्यातलं वेदान्तावरचं व्याख्यान

नाना, आज दुपारी तुमच्या त्या व्याख्यानाबद्दल फोन आला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी वाद घालायची सवयही मोडली. आई आता माझ्याकडे जळगावलाच असते. फोन कोणाचा होता हे तिला अजून सांगितलेलं नाही.

अमळनेरचं आपलं स्वयंपाकघर दिसतंय. आई ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापतेय आणि बाहेरच्या खोलीत तुमचे जुने विद्यार्थी बसलेत. कॉलेजात तुमच्याच हाताखाली तत्त्वज्ञान शिकले, आता धुळ्याच्या व्याख्यानमालेचे कर्तेधर्ते झालेत. एकेक जण वाकून तुमच्या पाया पडतो. "सर, विषय तेवढा बदला. 'आजचा वेदान्त किती आपला?' हे पत्रिकेवर बरं दिसत नाही. दिवस वेगळे आहेत." कुणाचा आवाज चढत नाही. जाताना कपबशासुद्धा स्वतः आत आणून ठेवतात. ते गेल्यावर आई म्हणाली, "कसाले जातस धुळाले? इतलं गोड बोली राह्यनात, माले भ्याव वाटस." तुम्ही हसलात. "आपलाच पोऱ्हे शेतस," म्हणालात.

मलाही तुमचं सगळं पटत नव्हतंच. मी म्हणायची, उपनिषदं आपली, मग वेदान्त परका कसा? तुम्ही शेतकऱ्याचा मुलगा, लगेच मळ्यावर जायचात. "विहीर आपली शे, मोटार इलायती शे. आते सांग, पानी कोनं?" मग घसा खाकरून वर्गातल्या मराठीत समजावायचात. जुना वेदान्ती जग सोडायला सांगत होता, आजचा जगाची सेवा करायला सांगतो. ही सेवा थोडी संतांकडून आली, थोडी मिशनऱ्यांच्या शाळेतून आणि इंग्रजी ग्रंथांतून. त्यात लाजायचं काय, आलं हे कबूल करा, एवढंच तुमचं म्हणणं असायचं. तुमच्या या हट्टाचा मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

त्या दिवसांत रविवारी सकाळी सगळी गल्ली टीव्हीसमोर हात जोडून बसायची. अशा दिवसांत तुम्ही धुळ्याच्या भरल्या सभागृहात उभे राहून सांगितलंत, "मी स्वतः उपनिषद पहिल्यांदा वाचलं ते इंग्रजीत. संस्कृत नंतर शिकलो." मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्या मागे कोणी खोकलंसुद्धा नाही. व्याख्यान संपलं की श्रोत्यांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या अध्यक्षांकडे द्यायच्या, ही तिथली रीत. एरवी ढीग पडतो आणि अध्यक्ष वेळेअभावी निम्म्या बाजूला ठेवतात. त्या संध्याकाळी एकही चिठ्ठी आली नाही. शाल दिली, श्रीफळ दिलं, आभार मानले. वक्त्याला एसटी स्टँडवर सोडायला दोन-चार जण नेहमी येतात, आपल्याबरोबर कोणी आलं नाही. गाडीत तुम्ही मांडीवर नारळ धरून बसला होतात.

दर रविवारी संध्याकाळी आपल्या घरी उपनिषदांचं वाचन व्हायचं, पुढच्या रविवारी त्याला कोणी फिरकलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कोपऱ्यावर संध्याकाळी मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. त्यावरची मुलं तुम्हाला वाकून नमस्कार करायची आणि आपल्या दाराकडे बघत बसायची. झालं काहीच नाही, नाना. पण आई दिवेलागणीआधीच कडी लावायला लागली आणि तुम्ही फिरायला जाणं सोडलंत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, तेव्हा खांदा द्यायला तुमचे तेच जुने विद्यार्थी सगळ्यांत पुढे होते.

आता त्यांना तुमच्या व्याख्यानांचं पुस्तक काढायचंय. इंग्रजीत उपनिषद वाचल्याचा भाग गाळणार, आणि शेवटी लिहिणार की आजचा वेदान्त शुद्ध स्वदेशी आहे, हे सरांनी अखेरीस मान्य केलं होतं. मी ज्या संस्थेच्या कॉलेजात शिकवते, तिच्या कार्यकारिणीवर आता तेच आहेत. फोनवर आवाज तसाच गोड होता. "शेवटी शेवटी सरांचं मत बदललं होतं ना, ताई? तुम्ही घरात होता, तुम्हालाच माहीत."

हे पत्र आईच्या नजरेला पडायच्या आत फाडून टाकीन. मी "हो" म्हणाले, नाना.